रातपाळीच्या घरातलं वाचन

फुकट शाळेतली पोरं मागे का पडतात, हे मला लग्नाकार्यात कुणीही समजावून सांगतं. मास्तर शिकवत नाहीत, पोरं खिचडीपुरती येतात, आईबापांना पडलेली नसते. अक्कल शिकवणाऱ्यांपैकी एकही जण भरदुपारी नवागामच्या कामगारवस्तीतल्या खोलीत गेलेला नसतो. मी गेले आहे, म्हणून माझं डोकं फिरतं.

सुरतेत मी मराठी माध्यमाच्या सरकारी शाळेत शिकवते. माझ्या चौथीत खानदेशी घरातली एक मुलगी होती. उत्तरं सुबक अक्षरात लिहायची, पण धडा वाच म्हटलं की नुसते ओठ हलायचे. वाचन तपासायला बाहेरून आलेल्या साहेबांना तेवढी फुरसत कुठली? त्यांनी तिला उभं केलं, जरा वाट पाहिली आणि 'वाचता येत नाही' असा शेरा मारून मोकळे झाले.

दुसऱ्या दिवसापासून ती येईना. तिची मैत्रीण म्हणाली, "बेन, उसकी मम्मी बोली, पढना नहीं आता तो घर पे साडी का काम कर." आमच्याकडे मराठी शाळेतही बाईंना बेनच म्हणतात आणि पोरं आपसांत हिंदीवर येतात. चौथीतच पोरगी घरी बसणार म्हटल्यावर माझा जीव खालीवर झाला. दुपारी शाळा सुटल्यावर तडक नवागाममधलं तिचं घर गाठलं.

एकच खोली. दारापाशी आई चिमट्यानं साडीवर खडे चिकटवत होती, शेजारी मुलगीही. भिंतीकडे तोंड करून वडील झोपलेले. मी तोंड उघडायच्या आत आईनं ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला बेन, त्या जपेल शेतस. रातपाळी शे."

धाकटा भाऊसुद्धा भांड्याला धक्का लागू न देता पाणी पीत होता. मुलीच्या मांडीवर पुस्तक उघडं होतं. एकेका खड्यामागून ती एकेक ओळ ओठांनी वाचत होती. मला गलबलून आलं. कळायला लागल्यापासून जिनं दिवसा आवाज गिळला, ती शाळेत तो कुठून काढणार?

तेवढ्यात वडलांनी कूस बदलली, मला पाहून धडपडत उठून बसले. "काय व्हयनं, बेन?" यंत्रमागाच्या खडखडाटात राबणारे लूमवाले बोलतात तसे खणखणीत. मी दबक्या आवाजात सांगू लागले, तर त्यांनी कानामागे हात धरला. पुन्हा सांगितलं, तरी चेहरा कोराच. शेवटी मी ओरडले, "तिला वाचता येत नाही म्हणून शाळा बंद केलीय!"

त्यांना यातलं काही ठाऊकच नव्हतं. बायकोकडे पाहिलं, मग लेकीला जवळ बोलावलं. "वाच बरं."

तिनं आईकडे पाहिलं. आईनं पुढचा खडा उचलला. तिनं सुरुवात केली, पुटपुटतच.

"जोरमा वाच व माय."

आवाज थोडा चढला. त्यांना अजून मोठ्यानं हवं होतं, "आखो जोरमा." मग मात्र तिनं सगळं बळ एकवटलं. अख्खा धडा, न अडखळता, घसा ताणून. शेजारणी दाराशी येऊन उभ्या राहिल्या. मला रडावं की त्या साहेबांना हाताला धरून इथं आणावं, कळेना.

वडील लेकीच्या ओठांवर डोळे लावून बसले होते. धडा संपला तसे हळूच माझ्याकडे वळले.

"बरोबर वाचस का ती, बेन?"

आईच्या हातातला चिमटा थांबला. ज्याची झोप मोडू नये म्हणून तिनं लेकरांना इतकी वर्षं गप्प ठेवलं, त्या माणसाला कानाशी मोठ्यानं वाचलेलंही नीट ऐकू येत नव्हतं. मी जोरजोरात होकारार्थी मान हलवली. आईनं साडी बाजूला सारली आणि दबक्या आवाजातच मला म्हणाली, "सकाय शाळामा धाडस मी तिले."