बायकांच्या बाजूचं दार

अकोल्याच्या टॉकीजमध्ये बायकांच्या दारावर ती तिकिटं फाडायची. तिची जुळी बहीण बाळंतपणात गेली, तेव्हा घरचे म्हणाले, "मेहुण्याशी तूच लग्न कर, चेहरा तर तोच आहे." ती साफ नाही म्हणाली. तेव्हापासून कुणी "बहिणीसारखीच दिसतेस" म्हटलं, की तिकीट जरा जोरात फाटायचं.

एकदा एक अजब पिक्चर लागला. शास्त्रज्ञ मेलेल्या नायिकेसारखीच हुबेहूब बाई प्रयोगशाळेत घडवतो. नायकानं तिच्या गळ्यात मंगळसूत्र घातलं आणि आम्ही बायका डोळे पुसू लागलो. इतक्यात हिनं भर दुपारी दार सताड उघडलं. उन्हानं पडदा पांढराफटक झाला.

"काहून उघडलं वं? लाव ना!" मी ओरडले.

"लावतो. पन आधी सांग, त्या नव्या बाईले कोनी इचारलं का?"