गोल कडेचा आकडा

कोरेगावात आमच्या शेजारच्या काकूंना नाणी भिंगाखाली बघायचा नाद. नाण्यावरचा आकडा दुहेरी दिसला की दुर्मिळ नाणं सापडलं म्हणून आम्ही हरखायचो. त्या मात्र स्वतःचं नाणंही "पाडताना यंत्र हललंय, ह्याला मोल न्हाई," म्हणून बाजूला टाकायच्या.

सांगलीच्या नाण्यांच्या प्रदर्शनात त्यांनी एक नाणं पुढं केलं. तिथं नाणी तपासून देणाऱ्या जाणकारांनी वरवर पाहिलं. "यंत्र हललंय, काकू."

"आवं, यंत्र हललं की आकड्याची कड चपटी पडती. ह्यो दुसरा आकडा गोल, उठावदार हाय. साच्यावरच दोनदा उमटलाय, असलं नाणं क्वचितच घावतं. भिंग लावून बघा की!"

मागं रांग खोळंबली, तरी काकू जागच्या हलल्या नाहीत. जाणकारांनी भिंग लावलं, बराच वेळ पाहिलं आणि ते उठून उभे राहिले.

"काकू, साच्यातलंच आहे!"

"व्हय तर!" म्हणत काकूंनी नाणं आणि भिंग रांगेतल्या पहिल्या माणसाच्या हातात दिलं. "बघा, समद्यांनी बघा!"