सोमवारी लंगडणारी गाडी

आमच्या जुन्या तीन सिलिंडरच्या गाडीचं दुखणं मी दीड महिना वहीत लिहीत होते. वार, वेळ, इंजिन गार की तापलेलं, आणि पुढे लक्षण: झटके, थरथर, रस्त्यात बंद, ठीक. नवरा हसायचा. "डॉक्टर, आज पेशंटचा ताप किती?"

हसण्याचे दिवस नव्हते. आईच्या खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालं होतं. सोमवार-गुरुवार तिला वसई गावात व्यायामोपचाराला न्यायचं, आणि पाय सरळ ठेवून तिला बसता येईल अशी जागा फक्त आमच्या गाडीच्या पुढच्या सीटवर होती. रिक्षानं एकदा नेऊन पाहिलं. पहिल्याच खड्ड्याला ती कळवळली आणि घरी येऊन म्हणाली, "राहू दे. चालले नाही तरी चालेल मला." एवढं ऐकल्यावर गाडी नीट होणं भागच होतं.

दोन मेकॅनिक झाले. दोघांनीही प्लग बदलले. प्रत्येक वेळी गाडी पंधरा दिवस सरळ चालली आणि पुन्हा लंगडायला लागली. दुसऱ्यानं हात टेकले. "मॅडम, इंजिन संपलंय. काढून टाका." नवऱ्यानं लगेच चिंचोटीकडचं एक गिऱ्हाईक ठरवलं. ते रविवारी गाडी बघायला येणार होतं.

"तुझी वहीपण देऊ त्याला," नवरा म्हणाला. "गाडीवर फुकट."

शनिवारी सकाळी मी गाडी वटारच्या वाटेवरच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे नेली. तरुणपणी मिठागरात राबलेला माणूस. त्यानं इंजिन चालू ठेवायला सांगितलं आणि जाड हातमोजा घालून प्लगांवरच्या टोप्या एकेक करून काढून पुन्हा बसवल्या. पहिली काढली, इंजिन अडखळलं. दुसरी काढली, तसंच. तिसरी काढली, काहीच फरक नाही.

"बघा बाय, दोघी राबतात. तिसरी नुसती हजेरी लावते."

इंजिन गार झाल्यावर त्यानं तिसरा प्लग काढला. आधीचे दोघे प्लगचं खालचं, काजळी धरणारं टोक बघायचे. हा वरची बाजू बघत होता. तिथे गंज चढला होता, गंजावर पांढरी खरपुडी होती, आणि टोपीच्या आतलं पितळ हिरवं पडलं होतं. त्यानं ती खरपुडी नखानं खरवडली आणि सरळ जिभेवर ठेवली.

"मीठ हाय. गाडी कंच्या पान्यानं धुता?"

"बोरिंगच्या."

"आनि टँकरच्या?"

"ते गोडं पाणी. प्यायला, स्वयंपाकाला."

"बोरिंगच्या पान्यात भात शिजवाल?"

"छे! तोंडात घालवणार नाही."

"मग हिनं तुमचं काय घोडं मारलंय?"

मी वही उघडली. सोमवारी सगळ्यात वाईट, मंगळवारी झटके, गुरुवारी बहुधा ठीक. आणि त्याच वहीत मागच्या पानांवर, दर रविवारच्या कामांच्या यादीत माझ्याच अक्षरात: गाडी धुणे, इंजिनसकट, दोन बादल्या. पुढे बरोबरची खूण, एकही रविवार न चुकता. मी देशावरची. विहिरीचं पाणी गोडच असतं, या समजुतीत वाढलेली. इथे आल्यावर डाळ शिजेना तेव्हा मी खारं पाणी स्वयंपाकघरातून हद्दपार केलं, पण गाडीचा विचार माझ्या डोक्यात कधी आलाच नाही. तिसऱ्या टोपीचं रबर चिरलं होतं. तिथून पाणी आत जायचं, दोन-तीन दिवसांत वाळायचं. मीठ मात्र आतच राहायचं आणि दर धुण्याला साठत जायचं, म्हणून नवा प्लगही पंधरा दिवसच टिकायचा.

म्हाताऱ्यानं तिन्ही प्लग आणि टोप्या नव्या घातल्या, वायरींची टोकं घासली, रबराच्या कडेला बोटभर ग्रीस लावलं. मी तिथेच वहीतली ओळ खोडून लिहिलं: इंजिनला फक्त कोरडं फडकं. चूक माझीच होती, पण ती सापडली होती. घरी येताना मी मुद्दाम लांबचा रस्ता घेतला.

रविवारी गिऱ्हाईक आलं. नवऱ्यानं चावी फिरवली. पाहुण्यानं बॉनेटवर हात ठेवून बराच वेळ ऐकलं.

"झक्कास आहे की! विकताय कशाला?"

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं.

"विकत नाही आहोत," मी म्हटलं. "चहा घ्या."

"अहो, मी दोन बस बदलून आलोय!"

"म्हणून तर पोहेही केलेत."

पाहुणा कुरकुरत पोह्यांची दुसरी बशी संपवून गेला. दुसऱ्या दिवशी सोमवार. आईला पुढे बसवलं, पाय लांब केला, निघालो. पापडीच्या पुढे आल्यावर तिनं विचारलं, "आज ही थरथरत नाही गं. कुणाची आणलीस?"

"आपलीच आहे."

"मग जरा जोरात घे. उशीर झाला की तो व्यायामवाला मुलगा पायऱ्या चढवून घेत नाही."