स्लॅबखालची पंगत

आमच्या संस्थेचा एक नियम कुठल्याच कागदावर लिहिलेला नाही. घराच्या स्लॅबला टेकू दिलेल्या लाकडी बल्ल्या निघाल्या की संस्थेच्या पाचही जणांनी आधी त्याच्याखाली बसून जेवायचं, आणि घरच्यांनी त्यानंतर सामान आत आणायचं. हा नियम बंजारा तांड्याच्या नायकांनी, म्हणजे तिथल्या प्रमुखांनी, घातला, पहिल्याच घराच्या वेळी. मी तेव्हा शाळेतून नुकतीच निवृत्त होऊन संस्थेची अध्यक्ष झाले होते आणि घटना, ठराव, नोंदणी यांत गळ्यापर्यंत बुडाले होते. नायक मीटिंगला यायचे, फेटा मांडीवर काढून ठेवायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. सगळे ठराव वाचून झाल्यावर ते म्हणाले, "बाई, कागद ठीक हाय. पण ज्यायनं सही केली त्यायनं पयले खाली बसून जेवाचं. मंग घरवाल्यायनं." मी मान डोलावली. म्हाताऱ्या माणसाची हौस, जेवायला काय जातंय, असं मनात म्हटल्याचं मला चांगलं आठवतं.

संस्था म्हणजे तरी काय? घाटंजी तालुक्यातल्या एका तांड्यातले आणि शेजारच्या गावातले आम्ही पाच जण. नायक, एक मिस्त्री, एक निवृत्त ग्रामसेवक, ट्रॅक्टर असलेल्या एक शेतकरीण बाई आणि मी. सरकारी घरकुलाच्या यादीत ज्यांचं नाव काही ना काही कारणाने येतच नाही, त्यांना पक्कं घर बांधून द्यायचं. सिमेंट, लोखंड आम्ही चार दारं फिरून जमवायचं आणि हात तांड्याने लावायचे. वर्षाला एक घर व्हायचं, फार झालं तर दोन. तरी कुणी विचारलं की मी 'आमचा गृहनिर्माण प्रकल्प' म्हणायची. निवृत्तीनंतर माणसाला असे मोठे शब्द लागतात.

त्या वर्षीचं घर एका विधवा बाईचं होतं. दुसऱ्याच्या वावरात निंदायला, कापूस वेचायला जाणारी, बोलायला कमी. तिची कुडाची झोपडी होती त्याच जागेवर घर बांधायचं ठरलं, कारण दुसरी जागाच नव्हती. म्हणून आधी झोपडी पाडावी लागली. ती पाडायला मीच सांगितलं. भावाच्या भिंतीला ताडपत्री टेकवून ती त्याखाली राहायला गेली, आणि निघताना झोपडीचं दार तेवढं काढून सोबत घेऊन गेली. "हे नव्या घराले लावता येईन ना?" तिने विचारलं होतं. मी म्हटलं, नव्या घराला नवं दार लावू. दोन-तीन महिन्यांचाच तर प्रश्न आहे.

स्लॅब पडला तो श्रावणात. मिस्त्रीला पांढरकवड्याकडे दुसरं मोठं काम लागलं होतं. जाताना त्याने स्लॅबवर मातीची आळी करून त्यांत पाणी भरलं आणि मला बजावलं, "बाई, एकवीस दिवस हे पाणी आटू देऊ नोका. पावसाच्या भरोशावर तर राहूच नोका. मी येतो अन् बल्ल्या काढतो." मी म्हटलं, काळजी करू नको, माझ्यावर सोड.

तांड्यात तेव्हा तीज पेरली जाणार होती. लग्न न झालेल्या पोरी टोपल्यांत माती-खत घालून गहू पेरतात, नायकांच्या घरासमोरच्या मचाणावर त्या टोपल्या ठेवतात आणि रोज गाणी म्हणत पाणी घालतात. या पोरींतल्या बहुतेक माझ्याच हाताखाली बाराखडी शिकलेल्या. मी त्यांना बोलावलं आणि स्लॅबची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. डीएड करताना आमच्या डोक्यात ठोकून बसवलं होतं की मुलांना ओळखीच्या गोष्टीवरून अनोळखी गोष्टीकडे न्यावं. तीस वर्षं मी तेच केलं. त्याही दिवशी सवयीने तोंडातून गेलं, "तीजेला घालता ना, अगदी तसंच याला पाणी घाला. एक वेळसुद्धा चुकवायची नाही."

पोरींनी चुकवली नाही. टोपल्यांना पाणी घालून झालं की त्या घागरी घेऊन शिडीवर चढायच्या आणि तीच गाणी म्हणत आळी भरायच्या. मी फोटो काढले, ग्रुपवर टाकले. लोकांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. आपण किती छान समजावून सांगतो, असं वाटून मी जरा फुगलेच, आणि गुडघा दाखवायला निश्चिंत मनाने लेकीकडे नागपूरला गेले.

परत आले तेव्हा स्लॅबला अठरा दिवस झाले होते. पावसाने दडी मारलेली, ऊन भाद्रपदाच्या आधीच भाद्रपदाचं. तांड्यात शिरताना लांबूनच मला तो स्लॅब दिसला. पांढराफटक. गुडघ्याची पर्वा न करता मी शिडी चढले. आळी वाळून ढासळली होती, पाण्याचा मागमूस नव्हता, आणि एका कोपऱ्यात हळदकुंकू वाहिलेलं, त्यावर गव्हाच्या पिवळ्या रोपांची वाळलेली जुडी. तिच्याशेजारून केसासारखी बारीक चीर निघून आडवी गेली होती.

खाली पोरी जमल्या होत्या. आनंदाने सांगू लागल्या की तीजेचं विसर्जन किती थाटात झालं.

"आणि स्लॅबचं पाणी?" मी विचारलं.

"ते बी त्याच दिवशी बंद केलं ना, बाई. तीज बोळवली, याले बी हळदकुंकू वाह्यलं. तुमीनच तं सांगतलं होतं, तीजेसारखंच घाला म्हणून."

त्यांच्या चेहऱ्यावर शाबासकीची अपेक्षा होती. आकडा मी त्यांना सांगितलाच नव्हता. एकवीस हा शब्द माझ्याकडून एकदाही निघाला नव्हता. 'तीजेसारखं' म्हटल्यावर त्यांनी तीजेचेच नऊ दिवस मोजले, आणि त्यांच्या जागी कुणीही तेच केलं असतं.

मी काय केलं, ते सांगायला आजही लाज वाटते. मी म्हटलं, "छान केलं. पण आणखी थोडे दिवस घाला बरं पाणी." आणि कुणालाही काही न सांगता घरी आले. माझी मोठी भीती कसली होती म्हणाल, तर पहिल्या दिवशी माझ्या नावाचीच होती. अध्यक्षबाईंनी स्लॅब घालवला! मग हळूहळू दुसरी भीती आत शिरली आणि तिने पहिलीला हुसकावून लावलं. मोजून तीन दिवसांनी मिस्त्री येणार, बल्ल्या काढणार. नायक त्या छताखाली मांडी घालून बसणार. आणि नंतर ती बाई तिथे रोज झोपणार. स्लॅब फोडायचा म्हटलं तर दुसऱ्या स्लॅबचं सामान आणायचं कुठून? झोपडी तर आम्ही पाडून बसलो होतो.

घरात पोळी लाटता लाटता मी वर बघायची. आमच्याच घराचं छत, चांगलं जुनं, भक्कम; तरी त्यातल्या रेघा मोजायची. नवरा म्हणाला, "जाळं लागलंय का वर?" मी त्याच्यावरच खेकसले.

मिस्त्री यायच्या आदल्या दिवशी मला राहवेना. नायकांच्या ओट्यावर जाऊन मी सगळं सांगून टाकलं. तोंडावर पदर घेऊन रडायचं वय नव्हतं, पण रडले. नायकांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. मग त्यांनी विचारलं, "पोरींले रागावल्या काय?"

"नाही."

"बरं केलं," ते म्हणाले. "आता त्या बाईले जाऊन सांगा. आमी नाई सांगत. तुमी सांगा."

ती ताडपत्रीखाली बसून तांदूळ निवडत होती. झोपडीचं जुनं दार तिने पलंगासारखं विटांवर ठेवलं होतं, त्यावर अंथरूण. मी उभ्या उभ्याच सांगितलं. पाणी कमी पडलंय, चूक माझी आहे, पोरींची नाही, छत कदाचित कच्चं राहिलं असेल. तिने सूप बाजूला ठेवलं.

"म्हंजे घर गेलं काय, बाई?"

मला 'नाही' म्हणायचं होतं. तो शब्द माझ्या तोंडात तयार होता. पण आधीच एक शब्द न तपासता बोलून मी सगळं इथवर आणलं होतं. म्हणून म्हटलं, "माहीत नाही."  तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने सूप परत मांडीवर घेतलं आणि खडे शोधू लागली.

मिस्त्री आला, स्लॅबवर हातोडीने ठिकठिकाणी ठोकून, कान लावून खाली उतरला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "चीर वरवरची वाटते. पण वाटते म्हणून भागत नाई. बल्ल्या आणखी पंधरा दिवस राहू द्या. पाणी चालू. मंग वरतं रेतीची पोती ठेवून पाहू. तीच सांगतीन."

ते पंधरा दिवस पोरींनी पाणी घातलं, पण गाणी म्हटली नाहीत. मी त्यांना शाळेच्या व्हरांड्यात बसवून सांगितलं होतं की चूक माझ्या सांगण्यात होती. त्यांनी ऐकून घेतलं, माना हलवल्या. पण लहानपणापासून ज्यांनी माझी छडी खाल्ली त्यांना मी चुकले हे पटेना. आपणच काहीतरी मोडलंय असं त्यांच्या चालण्यात दिसायचं. मी रोज सकाळच्या एसटीने तांड्यावर जायची आणि शिडीखाली उभी राहायची. नुसती उभी. करण्यासारखं माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं.

पंधरा दिवस सरले. शेतकरीण बाईंनी ट्रॅक्टरभर रेती आणली. अख्ख्या तांड्याने पोती भरली आणि एकामागून एक वर चढवली. मिस्त्रीने खालच्या बल्ल्या चार बोटं खाली उतरवून तशाच ठेवल्या, म्हणजे छत बसलंच तर त्यांच्यावर अडकेल. मग या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत छताखाली ताणून दोरी बांधली. छत आणि दोरी यांत एक बोट अंतर. "हे बोट उद्या सकाळपर्यंत असंच राह्यलं पायजे," तो म्हणाला.

ग्रामसेवकांनी वही काढली, नोंद करायची म्हणून, आणि काय लिहावं ते न सुचून परत ठेवली. मी दिवसभर दाराच्या चौकटीत बसून होते. एक बोट जागा. कधी ती अर्ध्या बोटाची वाटायची, कधी दोन बोटांची. दर तासाला मी आपलं बोट घालून बघायची, शेवटी मिस्त्री वैतागला, "बाई, तुमच्या बोटानंच दोरी ढिली व्हईन!" लोक हसले. मीही हसले, पण बोट घालून बघायचं काही थांबलं नाही.

सकाळी पहिली एसटी पकडून गेले. नायक आधीच तिथे होते. त्यांनी माझा हात धरून दोरीजवळ नेला. बोट गेलं. कालच्यासारखंच, वर छताला घासत आणि खाली दोरीला घासत गेलं. 

पोती उतरली, बल्ल्या निघाल्या, आणि दुपारी पंगत मांडली. आता खरं तर भिण्याचं कारण नव्हतं. पण रेतीच्या पोत्यांनी दिलेला निर्वाळा डोक्याला पटतो, पोटाला पटत नाही. मी म्हटलं, "या वेळी मी एकटीच बसते. बाकीच्यांनी बाहेर थांबा. चूक माझी आहे." नायकांनी माझ्याकडे इतक्या कडक नजरेने पाहिलं की तीस वर्षांत मी कुठल्या पोराकडे तसं पाहिलं नसेल. ते आत जाऊन बरोबर मध्ये, छताच्या पोटाखाली मांडी घालून बसले. मग मिस्त्री, शेतकरीण बाई आणि ग्रामसेवक. मी शेवटी.

ज्वारीची भाकर, तुरीची दाळ, वांग्याची भाजी. त्या बाईने स्वतः वाढलं आणि नियम मोडून स्वतःचंही ताट घेऊन माझ्या शेजारी बसली. "घर माह्यं हाय," एवढंच म्हणाली.  मी घास हातात घेतला आणि नजर वर गेली. त्या चिरेच्या खालची जागा कुठली असेल, ते शोधू लागली. पाहिलं तर मिस्त्रीही वर बघत होता, आणि ग्रामसेवकही. वर बघत नव्हती ती एकटीच. खाली मान घालून सावकाश जेवत होती.

मी हळूच विचारलं, "तुला भीती नाही वाटत?"

"वाटते ना," ती ताटातून नजर न काढता म्हणाली. "पण वरतं कायले पाह्यता, बाई? दाराकडं पाहा. पोरी पाहून राह्यल्या."

दारात त्या सगळ्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. छताकडे त्यांचं लक्षच नव्हतं. त्या आमच्या चेहऱ्यांकडे बघत होत्या.

मी मान खाली घातली आणि जेवायला लागले. भाकर दुसऱ्यांदा मागून घेतली.