बाईंनी काहीच दाबलं नव्हतं

आमच्या मराठी मंडळाच्या वेबसाइटवरून बारा घरांच्या आठवणी एका दुपारी पुसल्या गेल्या. त्या मी पुसल्या आणि नाव बाईंचं पुढे केलं.

बाई रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका. रेल्वेच्या नोकरीपायी विदर्भातून रायपूरला आलेल्या घरांत जाऊन, चहा पिऊन, त्यांनी त्या आठवणी मिळवल्या आणि एका बोटानं थेट साइटवर टाइप केल्या.

रायपूर राजधानी झालं तसं ज्याला त्याला वेबसाइट हवीशी झाली. चौबे कॉलोनीतल्या घरी बसून मी एकटाच त्या बनवायचो. ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘आता खरंच फायनल’ अशी फोल्डरं, हीच माझी पद्धत. त्या दुपारी मंडळाच्या साइटवर जुनं फोल्डर चढवलं आणि त्यात नसलेलं बाईंचं लिखाण गेलं. मला लगेच कळलं. तरी मंडळाच्या बैठकीत म्हणालो, “बाईंकडून काहीतरी दाबलं गेलं असेल.”

सगळे हसले. बाई म्हणाल्या, “असंल बा. मले काय समजते त्यातलं?” त्यानंतर त्यांनी संगणकाला हात लावला नाही.

त्या टोचणीतूनच मी गिट शिकलो, कामाच्या जुन्या प्रती सांभाळणारी प्रणाली. थोडं काम झालं की कमिट करायचं, म्हणजे त्या क्षणाची प्रत जपायची आणि काय केलं ते एका ओळीत लिहायचं. नवा प्रयोग वेगळ्या ब्रँचवर, म्हणजे कामाच्या बाजूला काढलेल्या फांदीवर. जमला तरच मुख्य ब्रँचमध्ये. साइटवर दुसऱ्या कुणी लिहिलेलं असेल तर ते आधी उतरवून घ्यायचं, मगच आपलं चढवायचं. पहिल्यांदा मुद्दाम एका पानाची वाट लावली, एक कमांड दिली आणि पान जसंच्या तसं परत आलं. मी टाळीच वाजवली.

बायको आतून म्हणाली, “काहून, नोकरी लागली काय?”

दोन दिवस मी खुशीत जुनी फोल्डरं क्रमानं गिटमध्ये घालत होतो. ‘फायनल ३’मध्ये, कधीतरी उतरवून विसरलेल्या, बाईंच्या नऊ आठवणी सापडल्या! नाचावंसं वाटलं. मग त्या दुपारचं फोल्डर आलं. कमिटची ओळ लिहायची होती. बराच वेळ बसून लिहिलं, “बाईंचं लिखाण मी पुसलं. बाईंनी काहीच दाबलं नव्हतं.” एंटर दाबल्यावर कळलं की हे माझ्याशिवाय कुणीच वाचणार नाही.

नऊ आठवणींचे कागद छापून ब्राह्मणपाऱ्यात गेलो आणि सगळं सांगितलं. बाईंनी कागद उलटेपालटे करून पाहिले.

“तीन कमी आहेत रे.”

“हो बाई.”

“ते लिहून टाकीन मी पुन्हा. चहा तरी भेटंल. पण तू बोलला चार माणसांत, अन् माफी मागून राहिला माझ्या ओसरीत? अन् ते पुसलेलं आणाले मागं जायचं मले बी शिकव.”

रविवारी मंडळात सगळे जमले. बाई पहिल्या रांगेत, वही-पेन घेऊन. मी उभा राहिलो, आतून हलकं हलकं वाटत होतं.

“बाई, तुमचं लिखाण माझ्या हातून पुसलं गेलं. मला ते तेव्हाच माहीत होतं, तरी मी या सगळ्यांसमोर तुमच्यावर ढकललं. माझं चुकलं. मला माफ करा.”