म्हसोबाला कबूल केलेला मेंढा

मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि नवस करू नयेत असं दरवर्षी वर्गात सांगतो. म्हणून हे लिहायला लाज वाटते. मागच्या पावसाळ्यात आईचा ताप तीन दिवस उतरेना, तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून मी मनातल्या मनात आमच्या बांधावरच्या म्हसोबाला मेंढा कबूल केला. नुसता मेंढा म्हटलं असतं तर निभावलं असतं. घाबरून ‘आमच्या मेंढ्यांतला सगळ्यात चांगला’ असं म्हणून बसलो, आणि चांगला एकच आहे.

आई बरी झाली. आठवड्याभरात ती सुनेच्या भाकरीत खोट काढायला लागली.

आमचं शेत अक्कलकुव्याच्या वरच्या अंगाला, टेकडीच्या उतारावर. वर मेंढ्यांचा वाडा, खाली स्ट्रॉबेरीचे वाफे. कबूल केलेला मेंढा जन्मतःच पोरका झालेला. बायकोने आणि मी त्याला बाटलीने दूध पाजलं, चुलीपाशी झोपवलं. त्यामुळे त्याला माणसाची भीती नाही आणि कुंपणाचा मान नाही. त्याला कापायचं माझ्याच्याने होईना. मग मी म्हसोबाला तारखा देत राहिलो. पेपर तपासून होऊ देत, दिवाळी होऊ दे, पहिली तोडणी होऊ दे. आई शिंकली तरी माझं लक्ष मेंढ्याकडे जायचं.

पौषात फळं लाल झाली आणि मेंढा रोज सकाळी वाफ्यात. आई काठी घेऊन धावायची. नवसाच्या जनावराला मारत नाहीत, पण तो नवसाचा आहे हे फक्त मला आणि म्हसोबाला ठाऊक. मी मध्ये पडायचो. दोनदा काठी मलाच बसली.

“भाऊ, तू त्याना पक्ष कसाले लेस?” आई मला विचारायची. मी चष्मा पुसायचो.

एका रविवारी तिने मला न विचारता मेंढ्यांचा व्यापारी बोलावला. तो जीप घेऊन आला, मेंढ्याची पाठ दाबून पाहिली आणि दोरी काढली. देवाचं जनावर विकलं तर देव आईला परत मागेल, या भीतीने मी अंगणातच सगळं सांगून टाकलं.

आई खाली टेकली. मला वाटलं, गहिवरली.

“मन्हासाठे एक मेंढा?” ती म्हणाली. “शेजारीनना पोऱ्यानी मोटारसायकलसाठे बोकड कबूल कया व्हता. आनि दिधा बी.”

“आई, बठ्ठास्मा चांगला शे तो.” सगळ्यात चांगला, असंच मी म्हसोबाला म्हटलं होतं.

“तो? तो चोर शे.”

व्यापाऱ्याने दोरी गुंडाळली. “मावशी, देवना शे ते माले नको.”

“थांब,” आई म्हणाली. तिने नारळ आणि ओंजळभर स्ट्रॉबेरी घेतली आणि बांधावर गेली. व्यापारी आणि मी मागे. शेंदराच्या दगडापुढे तिने हात जोडले नाहीत. शेजाऱ्याशी बोलावं तशी बोलली.

“मन्हा पोऱ्या घाबरी गया, काहीबी बोली गया. जीव मन्हा वाचना, मंग नवस बी मन्हाच. मी मोडस. राग उना ते मन्हावर काढ.”

क्षणभर थांबून तिने उत्तराची वाट पाहिली. मग माझ्याकडे वळली. “आते तो देवना नही. आते इक त्याले.”

विकायचं म्हणताच मी खरा अडकलो. इतके महिने देवाच्या आड उभा होतो, तो आडोसा आईने काढून घेतला. व्यापाऱ्यासमोर, पन्नाशीला आलेला मी म्हणालो, “आई, माले त्याले इकानं नही.”

“मंग पहिलेच सांगता नही उनं का तुले? देवले कसाले ताप दिधा?”

व्यापारी हसला, पण लांबून आलेल्या माणसाला रिकामं पाठवणं आईला पटेना. तिने वाड्यातला दुसरा मेंढा दाखवला. शांत, कधी कुंपण न ओलांडलेला. कबूल करताना मला त्याची आठवणसुद्धा झाली नव्हती. त्याला जीपमध्ये चढवताना मागचे पाय मीच धरले आणि मला सुटल्यासारखं वाटलं, हेही सांगितलं पाहिजे.

आमचा मेंढा तेव्हा खालच्या वाफ्यात होता.