चंद्रामावशीनं दिलेला शब्द

धामणकर नाक्याजवळच्या एका शाळेत चंद्रा बावीस वर्षं शिपाई आहे. घंटा तीच देते. माझं सारं आयुष्य रंगभूमीवर गेलं, गावोगावच्या तिसऱ्या घंटा ऐकल्या. पण इतकी नेमकी घंटा देणारं माणूस मला विंगेत कधी भेटलं नाही. मूळची ती दिघाशीची. नवऱ्याचा मार चुकवून तिसऱ्यांदा पळून आली, ती परत गेली नाही. मुलं तिला मावशी म्हणतात.

गेल्या वर्षी पंधरा ऑगस्टचं नाटक बसवायला शाळेनं मला बोलावलं. दहावीतली सुकन्या आणि मितेश प्रमुख भूमिकांत होते. दोघांचं जमतं, हे साऱ्या वर्गाला ठाऊक होतं. तालमीत त्यानं तिचा हात धरला की मी म्हणायचो, "वा, पकड कशी जिवंत आहे." एकदा चहा घेऊन आलेली चंद्रा हळूच म्हणाली, "तात्या, त्याला हात सोडायला सांगा. पोरीची बोटं पांढरी पडलीत."

"अगं, अभिनय आहे तो."

"तिचा हाय. त्याचा न्हाय."

मी हसण्यावारी नेलं.

दोन दिवसांनी जिन्याखाली मितेशनं सुकन्याचा मोबाईल हिसकावला. ती पासवर्ड सांगेना, म्हणून तिचं मनगट पिरगाळलं. चंद्रा धावली तसा तो सटकला. "पडले मी, मावशी," सुकन्या म्हणाली. चंद्रानं आपल्या कोपरावरचा जुना व्रण दाखवला. "मी पन अशीच पडायची."

पुढे आठवडाभर पाण्याच्या टाकीजवळ दोघींचं बोलणं चाललं. शेवटी मुलगी तक्रार करायला तयार झाली, पण एका अटीवर. "घरी कळता कामा नये. बाबा शाळा बंद करतील. मला नर्सिंगला जायचंय."

"न्हाय कळनार," चंद्रानं शब्द दिला आणि तिला मुख्याध्यापिका यामिनी मॅडमकडे नेलं.

मॅडम वाईट नव्हत्या. मुलींच्या सुरक्षा समितीचा तक्ता त्यांच्या खुर्चीमागेच टांगलेला होता. पण समिती बसली की कागद होणार, आणि कागद झाला की पालकांना बोलवावं लागणार. राखीपौर्णिमा तोंडावर होती. मॅडमनी तोडगा काढला : सुकन्यानं वर्गासमोर मितेशला राखी बांधायची. भाऊ झाला की हात उचलणार नाही.

"मॅडम, माझ्या भावानंच मला दोनदा नवऱ्याकडं नेऊन घातली व्हती," चंद्रा म्हणाली.

"तुमचा काळ वेगळा होता हो, मावशी."

राखी बांधली गेली. मितेशनं तिला पेन दिलं, फोटो निघाला, टाळ्या पडल्या. त्यांत माझ्याही होत्या. प्रवेश छान वठला, असं मला वाटलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मितेश शाळा सुटली की राजरोस तिच्यासोबत निघू लागला. आधी हटकणारा वॉचमन आता म्हणे, "जाने दो, भाई है उसका." मग चंद्राच सुकन्याला शेअर रिक्षापर्यंत पोचवू लागली. ड्युटी सोडून जाते म्हणून तिला लेखी समज मिळाली. तरी ती जायची.

ऑक्टोबरात एका दुपारी तिला परीक्षेचे गठ्ठे घेऊन दुसऱ्या शाळेत पाठवलं. त्या दिवशी नाक्यावर, भर गर्दीत, मितेशनं सुकन्याचा हात मोडला. दोघे-तिघे पुढे आले होते. "बहन है मेरी, घर का मामला है," तो म्हणाला, आणि माणसं मागे सरली.

दवाखान्यात बापाला सगळं कळलं. बदनामी नको म्हणून तो पोलिसांत गेला नाही. शाळेत येऊन दाखला मागितला. तो कागद सह्या-शिक्क्यांसाठी टेबलाटेबलांवर फिरवायचं काम चंद्राचंच. सुकन्या गळ्यात हात बांधून बाकावर बसली होती. चंद्रानं तिला पाणी दिलं.

"मावशी, तू म्हणाली होतीस, नाही कळणार."

"म्हनली व्हती."

सुकन्याला गणेशपुरीला मामाकडे धाडलं. पुढचं कुणी सांगत नाही. मितेश बोर्डाच्या परीक्षेला बसला, पास झाला.

राखीचा फोटो अजून ऑफिसबाहेरच्या फलकावर आहे. त्याची काच चंद्राच पुसते. गेल्या महिन्यात ती मला म्हणाली, "तेवढा काढायला सांगा, तात्या. तुमचं ऐकतील."

मी आत जाऊन सांगितलं. मॅडम म्हणाल्या, राहू द्या, तपासणीला येणाऱ्यांना आवडतो. मग त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला.

चहा चंद्राच घेऊन आली. माझ्या तोंडाकडे एकदा बघून तिनं कप ठेवला आणि घंटेची वेळ झाली म्हणून निघून गेली.